माळवद गेलं, डिस्क तापली

२०२२च्या मे महिन्यातली दुपार. माझ्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क ५७ अंश सेल्सियसवर होती. खोलीत ४० होतं. डबा मात्र इतका शांत की चालू आहे की बंद हे कळायला खाली वाकून दिवा बघावा लागायचा. ही शांतता मी स्वतः दोन रविवार घालवून तयार केली होती आणि तिचा मला भलताच अभिमान होता.

कारण होतं आज्जी. वर्क फ्रॉम होममुळे मी लोहारा तालुक्यातल्या आमच्या घरी येऊन राहिलो होतो. संध्याकाळी काम संपलं की आज्जीला माइकसमोर बसवायचो आणि जुनं काहीतरी विचारायचो. लग्न, दुष्काळ, रझाकारांच्या काळातल्या तिच्या आईकडून ऐकलेल्या गोष्टी, आणि अर्थातच १९९३चा भूकंप. पहिल्या काही रेकॉर्डिंग ऐकल्यावर लक्षात आलं की तिच्या आवाजामागे सतत एक घूंऽऽ आहे. पंखा आणि डिस्क. डिस्क फिरताना जी बारीक थरथर होते ती पत्र्याच्या डब्याला लागते आणि अख्खा डबा तंबोऱ्यासारखा वाजायला लागतो.

मग मी डिस्क तिच्या चौकटीतून काढली आणि शिंप्याकडून आणलेल्या इलास्टिकवर झोपाळ्यासारखी टांगली. आतून गादीचा फोम चिकटवला. पुढचा छोटा पंखा किरकिर करायचा, त्याची वायर उपसली. आवाज गेला. पण त्या आवाजाबरोबर उष्णतेच्या बाहेर जाण्याच्या सगळ्या वाटाही मी बंद केल्या होत्या. धातूला धातू लागून थोडी उष्णता डब्यात जायची, ती इलास्टिकने थांबली. हवा पंख्यामुळे यायची, ती थांबली. उरलेलं फोमने केलं.

जून उजाडला तेव्हा डिस्कच्या तब्येतीच्या तक्त्यात १९७ क्रमांकाच्या रकान्यात शून्याऐवजी १६ आकडा दिसला. म्हणजे सोळा जागा अशा, ज्या डिस्कला वाचता येत नाहीत आणि पुढे वाचता येतील याची खात्री नाही. दोन फाइली उघडेनात. त्यातली एक, आज्जी आमचं जुनं घर कसं बांधलं होतं ते सांगते ती, चाळीस मिनिटांची. दुसरी कॉपी कुठे होती, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. नव्हती. सॉफ्टवेअर इंजिनिअर असून नव्हती.

त्या चाळीस मिनिटांत काय होतं, ते मला तुटक आठवतं. बाकीचं मी नंतर भूकंपानंतरच्या अभियांत्रिकी अहवालांतून जोडलं. आपल्या भागात त्याला माळवद म्हणतात. लाकडी खांब आणि तुळया, त्यांचे खण. वर फळ्या आणि त्यावर माती. भिंती दगडाच्या, मातीत बसवलेल्या, दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड. छतावरच्या मातीची जाडी एक फुटापासून अडीच फुटांपर्यंत. ती इतकी होते कारण गळू नये म्हणून पावसाळ्याआधी लोक वर नवी माती पसरत, आणि जुनी काही कुणी काढत नसे. बापाने टाकलेल्या थरावर मुलाचा थर.

उन्हाळ्यात हे घर थंड असायचं, आणि कुठलाही आवाज न करता. दिवसभर ऊन छतावर पडे, पण तेवढ्या मातीतून उष्णता खाली पोचायला कित्येक तास लागत. ती पोचेपर्यंत रात्र झालेली असे आणि माणसं वर, त्याच माळवदावर, झोपायला गेलेली असत. पंखा नाही, वीज नाही.

आता हिशोब करून बघा. दहा फूट बाय दहा फुटांची खोली, वर दीड फूट माती. कोरडी धरली तरी सहा-सात टन. एवढं वजन डोक्यावर घेऊन माणसं पिढ्यान् पिढ्या गारव्यात झोपली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून गावं उशिरा झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारीचं नाव जगभर झालं. आमच्याकडचं सास्तूर त्या मानाने कुणाला आठवत नाही. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं जायचं कारण घरं होती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत अडकवलेले नव्हते, मधे नुसती भर. हादरा बसला की भिंत उभी दुभंगायची. आणि वर ती माती. अहवालांत एक बारकावा आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो: जिथे लाकडी खणांची जोडणी पक्की होती, तिथे भिंती बाहेर ढासळूनही छत खांबांवर उभं राहिलं. त्या खाली झोपलेली माणसं वाचली. माझी आज्जी त्यांतली एक.

त्यानंतर माळवद आमच्या भागातून जवळजवळ उठलंच. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या मालकीनुसार घरं: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. आम्हाला ४०० मिळालं. सिमेंटची भिंत आणि स्लॅब. मी त्या घराला वाईट म्हणणार नाही, त्यात आम्ही निर्धास्त झोपलो. पण चार-पाच इंची स्लॅब दुपारी तीनलाच खाली उष्णता सोडायला लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतो. आमच्या गावात पंखे, मग कूलर आले ते या स्लॅबमुळे. आवाजही त्यांच्याबरोबरच आला. माझी डिस्क ज्या ४० अंशांच्या खोलीत होती, ती ही खोली.

हार्ड डिस्कचा स्वतःचा इतिहासही आवाज आणि उष्णतेच्या याच भांडणाचा आहे. पहिली डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये आणली, तिचं नाव ३५०, रामॅक यंत्राचा भाग. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे, एक टनाच्या घरात वजन आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आज एक फोटो मावणार नाही. वाचणारं डोकं तबकडीला घासू नये म्हणून कॉम्प्रेसरने हवा सोडावी लागे. शांततेचा प्रश्नच नव्हता, कारण यंत्राच्या खोलीत कुणी झोपत नसे.

आपल्याकडेही कॉम्प्युटर आला तो असाच, खोली अडवून आणि खोली तापवून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि प्रत्येक ट्यूबमध्ये एक तार तापून लाल झालेली. कॉम्प्युटर म्हणजे आधी शेगडी, मग गणित.

घरात डिस्क आली ती ऐंशीच्या दशकात, आणि मग वेगाची शर्यत सुरू झाली. सीगेटने १९९२ मध्ये ७,२०० फेऱ्यांची बॅराकुडा काढली, चार वर्षांत १०,००० आणि २००० साली १५,००० फेऱ्यांची चीता. फेरे वाढले की तबकडी आतली हवा जास्त घुसळते आणि ती घुसळण शेवटी उष्णताच होते. शिवाय छोट्या गोळ्यांच्या बेअरिंगमुळे कानात सुई घातल्यासारखा आवाज. मोठा फरक पडला तो बेअरिंगमध्ये गोळ्यांऐवजी तेलाचा पातळ थर आल्यावर. २००१ची बॅराकुडा एटीए ४ त्यासाठी गाजली. त्याच सुमारास जगभरचे हौशी लोक डिस्का इलास्टिकवर टांगायला लागले होते. म्हणजे माझा शोध मी शाळेत जायच्या आधीच लागून गेला होता, आणि त्यातला धोकाही.

मग २०१३ मध्ये डिस्क सीलबंद करून आत हवेऐवजी हेलियम भरला गेला. हेलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्श्याइतकी, त्यामुळे घुसळण कमी आणि उष्णताही कमी. इथे थोडं विषयांतर करतो, कारण हेलियमचा धागा आपल्याकडेही येतो. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाची वाट आपल्या कोकण-दख्खनवरून गेली होती आणि गुंटूरला जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियरने तिथूनच हेलियम पाहिला असं सांगतात. लॉकियरचं निर्णायक निरीक्षण मात्र त्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधलं आहे. ओटे बघायला जरूर जा, पण ही दुरुस्ती खिशात ठेवून.

तर प्रश्न असा, की ५७ अंश खरंच घातक होते का? २००७ मध्ये गूगलच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना वाटत होतं तितकं तापमान आणि मृत्यू यांचं नातं त्यात दिसलंच नाही. उलट फार थंड डिस्काच जास्त मेल्या. फक्त तापमान खूपच चढलं तर, आणि तीन वर्षांहून जुन्या डिस्कांत, उष्णता भोवताना दिसली. माझी डिस्क सात वर्षांची होती. त्यामुळे फोमनेच तिला मारलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. वयही असेल, आमच्याकडची वीजही असेल. तरी निर्मात्याने दिलेली ६० अंशांची मर्यादा तीन अंशांवर आलेली असताना मी शांततेचं कौतुक करत बसलो होतो, हे खरंच.

आणि शांततेची हौस फक्त कानांची नसते हेही नंतर वाचलं. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेतली. दाबाखालचा वायू सुटताना इतका प्रचंड आवाज झाला की त्या कंपनांनी डझनावारी डिस्का निकामी केल्या आणि बँकेची सेवा कित्येक तास ठप्प झाली. वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. त्याला ओरडाही लागतो.

मोठ्या यंत्रांनी यावर पाण्याची वाट धरली. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला; त्याच घराण्यातला परम ब्रह्म २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसला, आणि तो थेट पाणी फिरवून थंड ठेवतात. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. पंख्यांचा गोंगाट त्यामुळेच कमी करता येतो.

हे वाचताना मला नळदुर्ग आठवला, शाळेच्या सहलीतला. बोरी नदी अडवून इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३च्या सुमारास, किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये दगडी बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे वरून कोसळतात, आणि आत उभं राहिलं की खिडकीबाहेर पाण्याचा पडदा दिसतो. आत थेंब येत नाही. एका बाजूला साठलेलं पाणी, दुसरीकडे पडणारं. बांधणाऱ्याने थंडाव्यासाठीच बांधला की दिमाखासाठी, ते असो. पण आत गारवा असतो आणि माळवदासारखाच तो जाड दगडाचाही आहे. शांतता तेवढी नसते. सहलीत सर काहीतरी सांगत होते, कुणालाच ऐकू आलं नाही.

मी घरी पाणी फिरवलं नाही. पाणी काय, पंखा काय, दोघांच्याही हाती खोलीच्या तापमानाच्या खाली जाणं नाही. कूलर जातो, कारण तो पाणी वाळवतो आणि आमची मेमधली हवा कोरडी असते. पण त्या ओल्या झोतासमोर कॉम्प्युटर ठेवायची हिंमत झाली नाही. मी फोम फाडला. डिस्क पुन्हा चौकटीत बसवली, स्क्रूखाली रबराच्या चकत्या घालून. किरकिऱ्या छोट्या पंख्याच्या जागी १२० मिलिमीटरचा मोठा पंखा लावला आणि त्याचा वेग निम्मा केला. पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. हा सौदा डिस्कच्या बाजूने आहे. डबा स्लॅबखालच्या फळीवरून खाली फरशीवर आणला. कॉपी करायचं काम पहाटे पाचला लावलं. नव्या डिस्कवर दुपारी ४९, पहाटे ४१. एक कॉपी पुण्याला बहिणीकडे.

दोन्ही फाइली परत आल्या नाहीत. आज्जीला म्हटलं, घर कसं बांधलं होतं ते पुन्हा सांग.

“एकदा सांगितलं की रं. किती डाव सांगू?”

तरी तिने सांगितलं, सहा मिनिटं. पहिल्यांदा सांगितलं होतं त्यातलं बरंच आलं नाही. तुळया कुठून आणल्या, त्या ओढायला कुणाचे बैल होते, हे पहिल्या वेळी तिने नावानिशी सांगितलं होतं. या वेळी म्हणाली, लांबून आणल्या. पण एक गोष्ट नवी आली. पावसाळ्याच्या तोंडावर माती टाकायचं काम बायकांचं असे, आणि तिच्या सासूने तिला सांगितलं होतं की कोपऱ्यात जास्त टाक, तिथं गळतं. भूकंपाच्या रात्री पडला तो कोपराच.

पंखा मी चालूच ठेवला होता. त्या सहा मिनिटांत तो मागे हलकासा ऐकू येतो.