ओएलईडी: उजेड मिळाला, पण टिकेना

सेंद्रिय पदार्थातून विजेनं प्रकाश मिळतो, हे मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी १९६३ सालीच न्यूयॉर्क विद्यापीठात दाखवलं. पण अँथ्रासिनच्या त्या स्फटिकाला सुमारे ४०० व्होल्ट लागत. असा दिवा घरात कोण लावणार! १९८७मध्ये कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन अतिपातळ थर एकावर एक दिले आणि काम १० व्होल्टच्या आत आलं. इलेक्ट्रॉन सहज सोडणारे धातू हवेत टिकत नाहीत, म्हणून कॅथोडला मॅग्नेशियम आणि थोडी चांदी. मला हीच निवड जास्त शहाणपणाची वाटते. १९९८मध्ये प्लॅटिनमच्या जड अणूमुळे, चारातल्या ज्या तीन उत्तेजित अवस्था अंधारातच विझत, त्याही उजळू लागल्या. तांबडा टिकला, हिरवा टिकला. निळ्याची ऊर्जा मात्र इतकी, की ती स्वतःचेच रेणू तोडते. म्हणून फोनच्या पडद्यात निळ्यासाठी बराच काळ जुनी, कमी कार्यक्षम पद्धतच वापरावी लागली.