हेलसिंकीतला अर्धा तास

बेंगळुरूच्या कब्बन पार्कात रविवारी सकाळी मी फिरायला जातो. तिथं सांगलीकडचा एक मुलगा भेटतो, आयटीतला. परवा लंगडत आला. म्हणाला, "काका, काल स्प्रिंट मारल्या, पायात लॅक्टिक अॅसिड साठलंय." मी म्हटलं, "अरे, ते कालच तासा-दीड तासात गेलं. आज दुखतंय ते स्नायूंचे बारीक धागे उसवलेत म्हणून." त्याला काही पटलं नाही. म्हणून आजची गोष्ट खाशाबा जाधवांची.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला आज बोलायचंय ते एका अर्ध्या तासाबद्दल.

हेलसिंकीत खाशाबांची जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती झाली. लांबलेली, दमवणारी लढत, आणि खाशाबा हरले. लगेच त्यांना सोव्हिएत युनियनच्या रशीद मामेदबेकोव्हपुढे उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान तीस मिनिटं विश्रांती द्यायची, असा नियम होता. पण तो पुढे करून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्तीही हरले.

आता ही तीस मिनिटं म्हणजे नेमकं काय, ते बघू. स्नायू चालतो एटीपी नावाच्या रसायनावर. ते खिशातल्या सुट्ट्या पैशांसारखं, दोन-तीन सेकंदांत संपतं. मग क्रिएटिन फॉस्फेट ते भरून काढतं, तेही जेमतेम दहा सेकंद. एखादा पट काढायला तेवढं पुरतं. त्यापुढे जोर लावायचा तर स्नायूतली साखर ऑक्सिजनशिवाय फोडावी लागते. एका ग्लुकोजमागे एटीपीचे फक्त दोन रेणू हाती लागतात. ऑक्सिजन असता तर तीसच्या आसपास मिळाले असते. घाट्याचा सौदा, पण झटपट. त्यातच लॅक्टेट तयार होतं, स्नायू आम्ल होतो आणि हातपाय जड पडतात.

कुस्तीत आणखी एक पेच असतो. पकड घट्ट आवळली की ताठरलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. छाती भात्यासारखी चालत असते, हवा भरपूर आत जात असते, पण दंडापर्यंत पोचत नाही. तालमीत वस्ताद नुसतं पळवत नाहीत, पुन्हा पुन्हा झोंबायला लावतात, ते यासाठीच.

हे सगळं शास्त्रज्ञांना एका दमात कळलं नाही. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर दाखवलं, की ऑक्सिजन नसला तर लॅक्टिक अॅसिड साठतं आणि ऑक्सिजन दिला की ते ओसरतं. पुढे हिल आणि मायरहोफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं, आणि लॅक्टिक अॅसिडच स्नायू चालवतं अशी समजूत पक्की होत गेली. १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्डनं ती मोडली. विष देऊन त्यानं स्नायूचं लॅक्टिक अॅसिड बनवणंच बंद पाडलं, तरी स्नायू काही वेळ आकुंचन पावत राहिला. मग जोर येत होता कुठून? क्रिएटिन फॉस्फेटमधून. आणि ते हुडकलं होतं तीनच वर्षं आधी, हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. त्या माणसाला हार्वर्डनं कायमची जागा दिली नाही. असो, तो वेगळा विषय आहे.

हिलनं एक छान शब्द रूढ केला होता : ऑक्सिजनची उधारी. कल्पना पुढे अपुरी ठरली, पण पैलवानाला ती लगेच कळते. कुस्ती थांबल्यावर क्रिएटिन फॉस्फेटचा बराचसा भरणा तीन ते पाच मिनिटांत होतो. लॅक्टेट निम्म्यावर यायला मात्र पंधरा-वीस मिनिटं लागतात. हळूहळू चालत राहिलं तर जरा कमी, कारण हृदय आणि इतर स्नायू तेच इंधन म्हणून जाळतात. म्हणजे तो तीस मिनिटांचा नियम काही कागदी उपचार नव्हता. त्या वेळात अंगातली बरीच उधारी फिटते. विश्रांती मिळाली असती तर खाशाबा जिंकलेच असते, असं मी म्हणणार नाही. मामेदबेकोव्ह कसलेला मल्ल होता. पण कुस्ती बरोबरीची झाली असती.

हे मला फार उशिरा कळलं. तरुण लेफ्टनंट असताना मी जवानांची एक तुकडी साठ मीटरच्या स्प्रिंटला सोडली. वेळ मनासारखी आली नाही, म्हणून दम घेऊ न देता पुन्हा पळवली. मग तिसऱ्यांदा. वेळ प्रत्येक खेपेला वाढत गेली आणि मी ओरडत राहिलो, "मन लावून पळत नाही तुम्ही!" एक पोरगा कडेला जाऊन ओकला. सुभेदारसाहेब शांतपणे म्हणाले, "साहब, पाच मिनट दीजिए." मी दिली नाहीत. त्या मुलांच्या बाजूनं बोलायला एक माणूस तरी उभा होता, आणि मी त्याचं ऐकलं नाही.

हेलसिंकीत तेवढंही कुणी नव्हतं. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेकोव्हला रौप्य, आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला ४४ वर्षं लागली.