रक्तातले बुडबुडे आणि मनगटावरचे गणित

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज नल्लकुंट्यात जमलो आहोत, ते विज्ञानाच्या तासाला गोटीसोड्याची बाटली घेऊन येत. गोटी दाबताच निवळ दिसणारे पाणी फसफसून वर येई. वायू बाटलीत आधीपासूनच होता, दाब गेला तेव्हा तो दिसला, एवढेच ते सांगत. पुढे मी भाषेचा अध्यापक झालो, तरी ती बाटली विसरलो नाही.

पाणबुड्याच्या देहाची कथा याहून निराळी नाही. पाण्यात दर दहा मीटरांना सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातला नत्रवायू रक्तात व ऊतींत विरघळतो. घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, पाय लुळे पडतात, प्रसंगी प्राणही जातो. या व्याधीचे मूळ फ्रेंच शास्त्रज्ञ पोल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवून दिले. किती सावकाश वर यावे, याचे कोष्टक जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून सिद्ध केले व १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी शरीराचे पाच कल्पित भाग मानले. पहिला पाच मिनिटांत निम्मा भरतो, शेवटचा पंचाहत्तर मिनिटांत. दाब दुपटीवरून एकपटीवर आला तरी सहसा अपाय होत नाही, हे त्यांचे सूत्र.

त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १९०६ मध्ये, तेराव्या वर्षीच, पाणबुड्याचा पोशाख चढवून स्कॉटलंडच्या समुद्रात उतरले होते. १९३९ मध्ये 'थेटिस' या पाणबुडीत ९९ जण दगावले, तेव्हा दाबकक्षातील प्रयोगांसाठी त्यांनी स्वतःचाच देह पणाला लावला. १९५७ मध्ये ते भारतात आले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकिनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. या विद्येचा एक धागा असा आपल्या तेलुगू मुलखापर्यंत पोहोचतो.

१९८३ च्या सुमारास हेच कोष्टक लहानशा संगणकात आले. आज ते मनगटावर मावते. हा डाइव्ह कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी दाब मोजतो, प्रत्येक कल्पित ऊतीत किती नत्रवायू साठला याचा हिशेब ठेवतो आणि कोठे, किती वेळ थांबावे ते सांगतो. झुरिचच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी अशा सोळा ऊतींचे गणित मांडले. स्वित्झर्लंडची सरोवरे उंचावर असल्याने तेथील विरळ हवेचा विचार त्यांना करावाच लागला.

उंचीचे महत्त्व साध्या भागाकारातून कळते. समुद्रात दहा मीटरांवर दाब दोन, पृष्ठभागावर एक, गुणोत्तर दुप्पट. महाबळेश्वरी, सुमारे १३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब ०.८५ च राहतो. तेथे तेवढ्याच खोलीचे गुणोत्तर जवळजवळ २.२ होते. म्हणून यंत्र पाण्याबाहेरच्या हवेचाही दाब मोजते व मर्यादा कडक करते. काही यंत्रांत उंची हाताने नोंदवावी लागते.

समुद्रात बुडी घेऊन मग घाट चढणाऱ्यालाही हाच नियम लागू पडतो. मालवणहून दोन-तीन तासांत आंबोली गाठता येते आणि तिची उंची सुमारे ६९० मीटर आहे. एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा प्रचलित संकेत आहे. सुमारे ६०० मीटरांहून उंच घाटालाही तो लावणे शहाणपणाचे. किल्ल्याजवळची पर्यटकांची बुडी उथळ असते, धोकाही थोडा असतो. परंतु सवयी उथळ पाण्यातच जडतात.

यंत्राला दाब कळतो, वेळ कळतो. रात्रीचे जागरण, अंगातले पाणी घटणे, वय आणि थकवा त्याला कळत नाहीत. दुसऱ्याच्या मनगटावरचे यंत्र तर आपल्या देहाविषयी काहीच जाणत नाही. त्याच्या पडद्यावरचा आकडा हॉल्डेन पितापुत्रांसारख्यांनी सोसलेल्या कष्टांतून आला आहे, तरीही तो एका कल्पित देहाचा आकडा आहे.

या शाळेतून बाहेर पडलेली आपली मुले-नातवंडे आज मालवणला, गोव्याला, अंदमानला बुडी मारायला जातात. त्यांनी अवश्य जावे. मात्र परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशीचे काढावे. बाटलीची गोटी हळूहळू दाबावी, हे गुरुजींनी आपल्याला केव्हाच शिकवले होते.