आठ प्रश्नचिन्हं

महाडहून आल्यावर मी फोटोंच्या फोल्डरला 'चवदार तळे' असं नाव दिलं आणि मित्राला पाठवला. तो दृष्टिहीन आहे. लिनक्सच्या काळ्या कन्सोलवर काम करतो. पडद्यावरची ओळ बोटांखालच्या ब्रेल पट्टीवर उमटते. त्याचा फोन आला, "अरे, काय पाठवलंयस? नुसती आठ प्रश्नचिन्हं आहेत."

आठ बरोबर होती. च, व, द, काना, र. मग त, ळ, मात्रा.

या प्रत्येकाला संगणकात स्वतंत्र क्रमांक आहे, आणि तो काही कालचा नाही. भारतीय लिप्यांसाठीचं 'इस्की' हे मानक १९८८चं. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने देवनागरीची मांडणी त्यावरूनच घेतली. क्रमांक अक्षराला द्यायचा, आकाराला नाही, हे त्यातलं शहाणपण.

कन्सोलने नेमकं उलटं केलं. त्याच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकार मावतात. आकार सापडला नाही की तिथे प्रश्नचिन्ह काढायचं आणि मूळ क्रमांक टाकून द्यायचा. डोळस माणूस दुसरी खिडकी उघडतो. ब्रेल पट्टीला मात्र पडद्याच्या मेमरीत उरलं तेवढंच मिळतं. ज्याला चित्र नकोच आहे, त्याचं अक्षर चित्राअभावी अडलेलं!

तळ्याच्या नावामुळे मला १९२४ आठवलं. बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं, ते कागदावर. ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना हजारोंसह चालत जावं लागलं. नंतर लोकांनी मार खाल्ला, ऑगस्टमध्ये पालिकेने ठरावच मागे घेतला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. प्रश्नचिन्हांपायी कुणाची डोकी फुटली नाहीत, तेव्हा तुलना ताणत नाही. पण आठवलं खरं.

कन्सोलची दुरुस्ती २०१८ची. ब्रेल पट्टी चालवणाऱ्या 'ब्रेलटीटीवाय' या प्रोग्रामवर काम करणाऱ्या निकोला पित्र यांनी कर्नेल ४.१९मध्ये मूळ क्रमांकही जपायची सोय केली. डोळ्यांना तिथे अजूनही प्रश्नचिन्हंच दिसतात. बोटांना अक्षरं लागतात.

मग मित्राचं का अडलं? त्याचा संगणक मीच दिलेला, जुना. कर्नेल अपडेट करून देतो, असं दोन वर्षं म्हणत होतो.

शनिवारी जाऊन केलं. त्याने पट्टीवरून एकदा बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ळ आहे," तो म्हणाला. "आता फोटोत काय आहे ते सांग."