टॅग फाइल : ताजी ठेवण्याच्या पद्धती

टॅग फाइल : सोर्स कोडातील फंक्शन, मॅक्रो, स्ट्रक्चर, क्लास यांच्या नावांची क्रमाने लावलेली सूची. नावावर कर्सर ठेवून कळ दाबली की एडिटर त्याच्या व्याख्येपाशी नेतो, तो या सूचीच्या आधारे. व्हिम या एडिटरमध्ये कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस ही जोडी तिकडे नेते, कंट्रोल आणि टी परत आणते. परतीच्या जागांची चळत वीस नोंदींपर्यंत राहते.

सूची ज्या क्षणी बांधली त्या क्षणाची असते. कोड मात्र दिवसभर बदलत राहतो. जमिनीचा व्यवहार झाला तरी गाव नमुना 6 मधील फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनेच नाव दिसते, हे करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. टॅग फाइलचा प्रश्न हाच आहे. जुनी सूची ही सूची नसण्यापेक्षा वाईट, कारण ती चुकीच्या जागी नेते आणि माणूस तिच्यावर विसंबलेला असतो.

इतिहास : टॅग फाइल बांधणारा मूळ सीटॅग्ज हा प्रोग्राम केन अर्नल्ड यांनी बर्कलीच्या बीएसडी युनिक्ससाठी लिहिला. डॅरेन हीबर्ट यांचा एक्झ्युबरंट सीटॅग्ज आधी व्हिमसोबतच मिळे. व्हिमच्या सहाव्या आवृत्तीपासून तो वेगळा झाला. त्याची 5.8 ही आवृत्ती 2009 मध्ये आली. पुढचे काम युनिव्हर्सल सीटॅग्ज या नावाने मासाताके यामातो आणि सहकारी करतात. ईमॅक्स या एडिटरची सूची ईटॅग्ज या वेगळ्या घडणीची असते.

रचना : एका ओळीत तीन गोष्टी, मध्ये टॅब : नाव, फाइल आणि जागा. जागा सांगण्याची तऱ्हा हा या रचनेतला सर्वांत शहाणा भाग आहे. तिथे बहुधा ओळीचा क्रमांक नसतो, त्या ओळीचा मजकूरच शोधनमुना म्हणून लिहिलेला असतो.

उदाहरणार्थ, कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानासाठी सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम घेऊ. रव्यांचे वजन आणि भाव घेऊन शेतकऱ्याची पट्टी काढणारे फंक्शन 120 व्या ओळीवर आहे. त्याच्या वर हमालीच्या हिशेबाच्या 25 ओळी वाढल्या, फंक्शन 145 वर गेले. टॅग तरीही बरोबर लागतो, कारण मजकूर तोच आहे. आता त्याच फंक्शनला तोलाई हा नवा पॅरामीटर जोडला, म्हणजे ओळच बदलली. जुना नमुना जुळत नाही. व्हिम नावावरून अंदाज बांधून उडी मारते आणि आपण अंदाजाने आलो असे सांगतेही. एक्झ्युबरंट सीटॅग्ज मॅक्रोसाठी मात्र मूळ मांडणीत ओळ क्रमांकच लिहितो. अडतीचा दर मॅक्रोत ठेवला असेल, तर वर एक ओळ वाढली तरी तो टॅग सरकतो.

नूतनीकरण : सर्वांत साधा मार्ग म्हणजे फाइल सेव्ह झाली की एडिटरने सीटॅग्ज चालवावा. व्हिममध्ये हे ऑटोकमांडने होते, एका ओळीत. लहान प्रोग्रामला एवढे पुरते. मोठ्या प्रोग्रामला प्रत्येक सेव्हवर पूर्ण बांधणी करणे परवडत नाही. पूर्वी तर तेवढा वेळ एडिटर थांबून राही. सप्टेंबर 2016 मध्ये व्हिमची आठवी आवृत्ती आली आणि पार्श्वभूमीला काम चालवण्याची सोय तिच्यात मिळाली. लुदोविक शाबां यांचे गुटेनटॅग्ज हे प्लगइन त्या सोयीचा चांगला उपयोग करते.

त्याची पद्धत अशी. सेव्ह झालेल्या फाइलीच्या जुन्या ओळी सूचीतून गाळायच्या, उरलेल्या एका तात्पुरत्या फाइलीत घ्यायच्या, सीटॅग्जला फक्त ती एक फाइल देऊन नव्या ओळी जोडून क्रम लावायला सांगायचे आणि शेवटी तात्पुरत्या फाइलीचे नाव बदलून ती मूळ सूचीच्या जागी ठेवायची. ही शेवटची पायरी वगळू नये. नाव बदलणे एका दमात होते, त्यामुळे मधेच वीज गेली तरी वाचणाऱ्याच्या हाती अर्धवट सूची पडत नाही. हाती पडते ती जुनी, पण पूर्ण. मात्र दोन बांधण्या एकमेकींवर पडू नयेत म्हणून ठेवलेली लॉक फाइल अशा वेळी मागे राहू शकते. सूची ताजी होईनाशी झाली, तर आधी या लॉक फाइलीकडे पाहावे.

या पद्धतीची एक उणीव : एडिटरबाहेर पुसलेल्या फाइलीचे टॅग सूचीत तसेच राहतात, कारण ती फाइल पुन्हा कधी सेव्ह होत नाही. अधूनमधून पूर्ण बांधणी हाच त्यावर उपाय. गिटचे हुक इथे कामी येतात : कमिट, मर्ज आणि शाखा बदलणे या तीन प्रसंगी सूची नव्याने बांधायची. टिम पोप यांनी 2011 मध्ये ही रीत मांडली. शाखा बदलताना एकदम शेकडो फाइली पालटतात, तेव्हा सेव्हवर विसंबणारी पद्धत अपुरी पडते.

एडिटरबाहेरचे बदल लगेच टिपायचे, तर लिनक्समध्ये आयनोटिफाय या सोयीने फाइलींवर नजर ठेवता येते.

ईमॅक्स : 2025 मधील 30.1 आवृत्तीपासून टॅग आपोआप नव्याने बांधणारा मोड अंगभूत आहे.

लँग्वेज सर्व्हर : टॅग फाइलीऐवजी एडिटरला व्याख्येची जागा सांगणारा वेगळा प्रोग्राम. 2016 मध्ये जाहीर झालेल्या त्यासाठीच्या प्रोटोकॉलनुसार एडिटर प्रत्येक बदल सर्व्हरला कळवतो, सेव्ह न केलेलासुद्धा. सी आणि सी प्लस प्लससाठी क्लँगडी हा सर्व्हर वापरतात. त्याला कंपाइलच्या आज्ञांची नोंद हवी असते. ती नसलेल्या जुन्या प्रोग्रामांत टॅग फाइलच सोयीची.

देवनागरी नावे : पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चल आणि फंक्शन यांना देवनागरी नावे देता येतात. टॅग फाइलचा क्रम बाइटनुसार असतो आणि एडिटरचा द्विभाजन शोध त्यावरच चालतो. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या पाठोपाठ, व च्या आधी येते. त्यामुळे शाळेत शिकलेल्या वर्णमालेप्रमाणे ह नंतर ळ शोधायला गेलेल्या माणसाला ते तिथे सापडत नाही. पण हा क्रम मराठी कोशासारखा करू जाऊ नये. केल्यास उडी चुकते.