हगादाच्या शेवटच्या पानावरचे हसाजी

घरातला एखादा मुलगा लष्करात गेला आणि आठवडाभर त्याचा फोन आला नाही, की आमची आई म्हणायची, "हा दुसरा हसाजी!" हसाजी म्हणजे आमच्या पणजोबांचे थोरले बंधू. अलिबागजवळच्या आमच्या गावातून ते मुंबईस गेले आणि घरादारास विसरले, एवढेच आम्ही ऐकत आलो. चार पिढ्यांत ते नाव आमच्या घरी पुन्हा कोणास ठेवले नाही.

इस्राएलला येताना वडिलांनी एक पत्र्याची ट्रंक आणली होती. पेसाहच्या साफसफाईत आम्ही भावंडांनी ती नीट उघडली, तेव्हा तळाशी पुण्यास १८७४ साली छापलेली हिब्रू-मराठी हगादा निघाली. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर खापरपणजोबांनी मुलांचे जन्म बाळबोधीत टिपून ठेवले आहेत. पहिलीच नोंद हसाजींची : श्रावण शके १७९७, म्हणजे सन १८७५. मृत्यूची नोंद नाही. शके १८१९ पासून अक्षर बदलते, आणि त्या अक्षरातली पहिली ओळ खुद्द खापरपणजोबांच्या मृत्यूची आहे. ज्यांनी नोंद करायची, तेच गेले होते.

हगादात तीन पोस्टकार्डे होती, सगळी मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून ती लावून घेतली. हसाजी मुंबईत सुतारकाम करीत. प्रत्येक कार्डात तेलाच्या घाण्याची विचारपूस, बैलाची विचारपूस, आणि घरी पाच रुपये पाठविल्याची खबर. शेवटचे कार्ड १८९६ च्या दिवाळीनंतरचे. घर विसरलेला माणूस बैलाची चौकशी करीत नाही!

मग ते गेले कोठे? आमच्या गावच्या कब्रस्तानातील एका दगडाचा फोटो वडिलांनी जपून ठेवला होता. त्यावर नाव यहेज्केल, बापाचे नाव आमच्याच खापरपणजोबांचे, वय २१, तारीख १८ शेवात ५६५७. हा कोणी दुसराच भाऊ असावा, अशी आमची समजूत होती. उलगडा झाला तो सॅम्युएल दिवेकरांमुळे. मुंबईचे 'शाआर हारहामिम' हे आपले पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधणारे हे गृहस्थ सॅम्युएल यहेज्केल दिवेकर, आणि कोकणी वळणाने सामाजी हसाजी दिवेकर. म्हणजे हसाजी तेच यहेज्केल! घाण्यावर एक नाव, दगडावर दुसरे; माणूस एकच.

१८ शेवात ५६५७ म्हणजे २१ जानेवारी १८९७. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला. आपली वस्तीही त्याच भागात होती. त्या हिवाळ्यात लाखो लोक शहर सोडून गावोगाव निघाले. त्याच जानेवारीच्या १० तारखेस डॉ. हाफकिन या आपल्या धर्मबांधवाने प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. हसाजी प्लेगाने गेले असे दगड म्हणत नाही. दगड एवढेच सांगतो की ते घरी परत आले होते, आणि शेवातच्या १५ तारखेस एलियाहू हन्नबीचा मलिदा झाल्यावर तीन दिवसांनी आपल्याच मातीत त्यांना मूठमाती मिळाली.

एकवीस वर्षांचे आयुष्य, आणि त्यावर सव्वाशे वर्षांचा ठपका. आता दरसाल १८ शेवातला आम्ही दिवा लावतो व त्यांच्या नावे कद्दीश म्हणतो. हगादाच्या त्या पानावर राहून गेलेली ओळही बाळबोधीत लिहिली आहे. आईने ती वाचली आणि बराच वेळ पानावर हात ठेवून बसली.

वाचकहो, आपल्या घरीही अशी ट्रंक असेल. त्यातले कागद मुलांना वाचता येत नाहीत म्हणून टाकून देऊ नका. मोडी जाणणारे अजून आहेत, आणि आपली दोन-दोन नावे जाणणारे वडीलधारेही आहेत. त्यांना आजच विचारा.