मोटरीची ठिणगी, रिसीव्हरचा कान

रेडिओने चालणाऱ्या वाहनात दोन विरुद्ध स्वभावाचे भाग एकाच घरात नांदतात. मोटर घसघशीत वीज ओढते आणि ओढताना गोंगाट करते. रिसीव्हर मात्र व्होल्टच्या काही दशलक्षांशांएवढा क्षीण संदेश टिपण्यासाठी कान टवकारून बसलेला असतो. दूरनियंत्रणाचा इतिहास बहुधा हवेतल्या लहरींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वाहन हाताबाहेर का गेले याचा शोध घेतला, तर कारण पुष्कळदा त्याच्याच पोटातल्या वायरीत सापडते.

ही अडचण रेडिओइतकीच जुनी आहे. आरंभीच्या संदेशग्राहकाचा प्राण म्हणजे ‘कोहिरर’, धातूच्या किसाने भरलेली लहानशी नळी. जवळपास विजेची ठिणगी उडाली की किसाचे कण एकमेकांना चिकटत आणि नळीतून प्रवाह वाहू लागे. ठिणगी दूरच्या प्रक्षेपकाची की शेजारच्या रिलेची, हे तिला कळत नसे. म्हणून मार्कोनीने 1896 साली अर्ज केलेल्या पेटंटातच रिलेच्या संपर्कबिंदूंना समांतर रोध जोडून ठिणगी दाबण्याची आणि कोहिररच्या दोन्ही बाजूंना चोक कॉइल घालण्याची तजवीज नोंदवली होती. आजचा छंदी माणूस मोटरीवर कपॅसिटर बसवतो, तो याच उपायाचा वंशज.

निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी होडी दाखवली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला तिचे पेटंट मिळाले. होडीत बॅटऱ्या होत्या, पंख्याची मोटर होती, सुकाणूची वेगळी मोटर होती आणि या सगळ्यांच्या सान्निध्यात कोहिरर होता. प्रत्येक संकेतानंतर किस पुन्हा मोकळा व्हावा म्हणून नळी उलटी करण्याची यांत्रिक सोयही होती. भलत्याच संकेताने होडी वळू नये, ही चिंता टेस्लाला पुढेही सोडत नव्हती. दोन वेगवेगळ्या वारंवारितांचे संकेत एकत्र आले तरच यंत्र हलावे, अशी त्याची कल्पना 1903 मध्ये पेटंटरूपाने आली. 1942 मध्ये अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना टॉर्पेडोच्या नियंत्रणासाठी पेटंट मिळाले. त्यात प्रक्षेपक आणि ग्राहक 88 वारंवारितांवर एकाच तालात उड्या मारतात. स्वयंचलित पियानोच्या छिद्रांच्या पट्टीवरून सुचलेली ही युक्ती नौदलाने तेव्हा वापरली नाही.

युद्धभूमीवर काहींनी रेडिओलाच फाटा दिला. दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा ‘गोलियाथ’ हा स्फोटके वाहणारा बुटका रणगाडा मागे केबल सोडत जाई. केबलमध्ये परक्या लहरीला शिरकाव नाही. पण ती तुटली की खेळ संपला.

शौकिनांच्या जगात या गोंगाटातून पहिली मोठी सुटका मॉडेल विमानांच्या बाजूने झाली. त्या काळच्या छोट्या पेट्रोल इंजिनांत ठिणगी पाडण्यासाठी कॉइल, बॅटरी आणि संपर्कबिंदू लागत. म्हणजे सेकंदाला शेकडो वेळा गोंगाट करणारा एक प्रक्षेपकच रिसीव्हरच्या शेजारी बसवल्यासारखे. 1947 मध्ये अमेरिकेत रे आर्डेनचा ग्लो प्लग बाजारात आला. तप्त तारेने इंधन पेटू लागले आणि इग्निशनची वायरिंग तिच्या वजनासकट गेली.

विजेच्या गाड्यांना असे नशीब नव्हते. जपानच्या तामिया कंपनीने 1976 मध्ये पोर्शे 934 ही आपली पहिली रेडिओ नियंत्रित गाडी काढली आणि घरोघरी अशा गाड्या पोहोचू लागल्या. त्यांच्या मोटरीत कार्बनचे ब्रश तांब्याच्या कॉम्युटेटरवर घासत फिरतात. ब्रश एका पट्टीवरून दुसरीवर जातो त्या क्षणी गुंडाळीतला प्रवाह तुटतो, ठिणगी उडते आणि तिची खरखर फार मोठ्या पट्ट्यावर पसरते. उपाय स्वस्त, पण हात नेमका हवा. सुमारे 0.1 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मोटरीच्या दोन टोकांमध्ये आणि आणखी दोन प्रत्येक टोकापासून मोटरीच्या धातूच्या कवचापर्यंत डाखून लावायचे. कवच कानशीने खरवडले नाही तर डाख धरत नाही, आणि न धरलेला डाख पहिल्याच धक्क्याला सुटतो. मोटरीच्या दोन वायरी एकमेकींना पिळून घेतल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना बरीचशी खोडतात. एरियल बॅटरीच्या वायरीला खेटून न्यायचे नाही आणि लांब वाटले म्हणून कापायचे तर मुळीच नाही. धातूवर धातू घासणारा सैल दांडा किंवा स्क्रूही खरखर निर्माण करतो. म्हणून जोडदांड्याच्या टोकाला प्लास्टिक आले.

बाहेरचा गोंधळ वेगळाच होता. अमेरिकेत 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 26.995 पासून 27.255 पर्यंत सहा ठरावीक वारंवारिता होत्या आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला होता: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. मैदानावर एका रंगाचा झेंडा एरियलला बांधलेला असला की दुसऱ्याने त्या वारंवारितेला हात लावायचा नाही. मात्र याच पट्ट्यात ट्रकचालकांचे सिटिझन्स बँड रेडिओही बोलत असत. निळ्या रंगाची 27.255 ही त्यांचीच 23 वी वाहिनी. 1977 मध्ये त्यांच्या वाहिन्या 23 वरून 40 झाल्या.

वीजपुरवठ्याची वाट तोवर सरळ होती. मोटरीला सहा निकेल-कॅडमियम सेलांची 7.2 व्होल्टची बॅटरी आणि रिसीव्हरला चार साधे सेल वेगळे. वेग बदलायचा तो सर्व्हो या छोट्या हुकमी मोटरीने सरकणाऱ्या संपर्काने. उरलेली वीज रोधकात जळून उष्णता होई. पुढे बीईसी, म्हणजे बॅटरी एलिमिनेटर सर्किट, आले. त्याने मुख्य बॅटरीतूनच रिसीव्हरपुरते पाच-सहा व्होल्ट काढून दिले. वजन वाचले, सेलांचा खर्च वाचला; पण मोटर आणि रिसीव्हर एकाच ताटात जेवू लागले आणि मोटरीने मोठा घास घेतला की दुसरा उपाशी राहू लागला. 1980 च्या दशकात प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा तोडून वेग राखणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक रुळले. या तोडण्याचीही खरखर होतेच, शिवाय बॅटरीच्या वायरी लांब असल्या तर दर वेळी व्होल्टेज उसळते. म्हणून नियंत्रकाच्या तोंडाशीच मोठा कपॅसिटर असतो. नंतरच्या ब्रशलेस मोटरीत ब्रशच नसल्याने ठिणगी गेली. मात्र या मोटरीच्या तीन वायरींवर जुन्या सवयीने कपॅसिटर डाखले तर उलट नियंत्रक जळण्याची भीती.

2005 च्या सुमारास छंदी बाजारात 2.4 गिगाहर्ट्झचे संच आले. प्रत्येक प्रक्षेपकाची स्वतःची ओळख असल्याने रंगीत झेंडे अडगळीत गेले, आणि कॉम्युटेटरची खरखर एवढ्या उंच वारंवारितेपर्यंत पोहोचेतो क्षीण होत असल्याने तीन कपॅसिटरांचे महत्त्वही उतरले. काही प्रणाल्यांत तर वारंवारितेच्या उड्याच आहेत, 1942 च्या पेटंटाची आठवण करून देणाऱ्या. पण नव्या रिसीव्हरच्या आत छोटा संगणक आहे. सर्व्हो अडकून एकदम प्रवाह ओढतो, व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आरंभीच्या काही संचांत त्याला प्रक्षेपकाशी पुन्हा जोडून घ्यायला काही सेकंद लागत. जुना रिसीव्हर अशा वेळी नुसता अडखळे; नवा काही सेकंद बहिराच होई. चालक याला रेडिओचा दोष समजून प्रक्षेपक बदलत राहिले. खरी दुरुस्ती होती जाड वायरी, घट्ट कनेक्टर, वेगळा बीईसी आणि रिसीव्हरच्या मोकळ्या खाचेत खोचलेला मोठा कपॅसिटर.